‘ळ’ नसलेला ताळा

ती खुर्चीवर नीट बसलेली मी कधी पाहिली नाही. एक गुडघा खुर्चीवर टेकवायचा, दुसरा पाय जमिनीवर ठेवायचा, आणि तो जमिनीवरचा पाय शिलाई यंत्राच्या पेडलवर असल्यासारखा सारखा हलवायचा. याच अवस्थेत ती संगणकावर लिहीत असे, खात असे आणि माझ्यासारख्या वयस्कर माणसाशी वादही घालीत असे. “नीट बस की,” असे मी म्हटले की उत्तर ठरलेले: “रेगा, अंकल.” रेगा म्हणजे हिब्रूत क्षणभर. मी तिला ओळखत होतो त्या सर्व वर्षांत तो क्षण काही उगवला नाही.

तिचे दुसरे ठेवणीतले वाक्य होते, “अडकला कुठे?” हे ती कोणालाही विचारी. एकदा आमच्या इमारतीची लिफ्ट मला आत घेऊन मध्येच थांबली. देखभालीची कायदेशीर जबाबदारी कोणावर येते, हे मी आतून मोठ्या आवाजात सर्व रहिवाशांना समजावून सांगत असता वरून तिचा आवाज आला.

“अंकल, तू अडकला कुठे?”

“लिफ्टमध्ये.”

“ते समजलं. दुसऱ्या मजल्याच्या वर की खाली?”

हा ‘तू’ वाचकांच्या कानाला खटकला असेल. मलाही खटकला होता. पण आम्हां मराठी ज्यूंची ही पोर इथे, इस्राएलातल्या डिमोनात जन्मलेली. हिब्रूत थोरामोठ्यांनाही ‘तू’च म्हणतात, आणि तिने आपले मोडके मराठी त्याच चौकटीत बसवून घेतले होते. मी पुष्कळदा दुरुस्ती केली. ती मान डोलवी आणि म्हणे, “बरं, तू म्हणतो तसं.” शेवटी मी तो मुद्दा सोडून दिला. मी सोडून दिलेले मुद्दे फार थोडे आहेत.

मी मुंबईत फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत बरीच वर्षे हेडक्लार्क होतो. इथे आल्यावर निवृत्तीपर्यंत एका कारखान्याच्या गोदामात नोंदी ठेवल्या. पण माणसाचा पिंड गोदामात बदलत नाही. ज्या थांब्यावर सावली नाही त्या थांब्यावर नेगेवच्या वाळवंटी उन्हात म्हाताऱ्यांना उभे करणे हा निष्काळजीपणा आहे, आणि निष्काळजीपणाला कायद्यात नाव आहे. अशी पत्रे मी लिहितो. तक्रार असेल तर ती लेखी असावी, क्रमवार मुद्द्यांत असावी आणि तिला उत्तर मिळावे, एवढेच माझे म्हणणे असते. अडचण एकच. माझे इंग्रजी उत्तम आहे आणि हिब्रू भाजी आणण्यापुरते. म्हणून ती वरच्या मजल्यावरून खाली येई, माझा मसुदा ऐके आणि त्याचे हिब्रू करून देई.

“अंकल, इथे चार वाक्यं राग आहे,” ती म्हणे. “मागणी कुठे आहे?”

“मागणी शेवटी येते. आधी पार्श्वभूमी.”

“तो क्लार्क पार्श्वभूमीत मरेल. मागणी वर आण.”

मग माझी तीन पानी पार्श्वभूमी तिच्या हाताखाली सहा ओळींची होई. अशा एका सहा ओळींच्या पत्रानंतर त्या थांब्यावर छप्पर आले. त्याचे श्रेय माझ्या युक्तिवादाला आहे असे मी तिला सांगितले, तेव्हा ती गुडघ्याखालची खुर्ची झुलवीत हसत राहिली होती.

पण मला सांगायचे आहे ते तिच्या दुसऱ्या कामाविषयी.

दोन हजार सालाच्या पुढेमागे आमच्या गावच्या मतनासात, म्हणजे सार्वजनिक केंद्रात, वाचनालयाच्या कोपऱ्यात इंटरनेट असलेले संगणक आले. मी तिथे वर्तमानपत्रे वाचायला जाई. शाळा सुटली की ती येई, एका संगणकापुढे गुडघा टेकवी आणि लिहू लागे. मला वाटले, बाकीची पोरे करतात तसे काहीतरी चालले असेल. एके दिवशी तिच्या पाठीमागे जाऊन पाहिले तर पडद्यावर समीकरणे होती.

इथे शाळेच्या अखेरीस बगरूत नावाची सरकारी परीक्षा असते. त्या परीक्षेचे जुने प्रश्न मुले एका संकेतस्थळावर टाकीत आणि ज्याला येई तो उत्तर देई. कोण कुठला, कोणाला ठाऊक नसे. सगळ्यांनी टोपणनावे घेतलेली. ओफाकिमची एक मुलगी स्वतःला ‘उणे एक’ म्हणवी. लोदचा एक मुलगा ‘रनवे’ होता, कारण त्याचे वडील विमानतळावर कामाला. आमची ही ‘तिसरा मजला’. राहते तिथला पत्ता, एवढाच त्यातला काव्यगुण.

तिचा तिथला नियम असा, की पूर्ण उत्तर द्यायचे नाही. समोरच्याने कितीही गयावया केली तरी ती प्रथम विचारी, “अडकला कुठे?” मग फक्त पुढची एक पायरी सांगे आणि थांबे. ‘रनवे’ने एकदा लिहिले की उद्या परीक्षा आहे, सगळे सांगून टाक. हिने लिहिले, “उद्या मी तुझ्याबरोबर येणार नाही. आज कुठे अडकला ते सांग.” हा मजकूर तिने मला भाषांतर करून ऐकवला तेव्हा मी म्हणालो, की आमच्या कचेरीत असे वागणारा वकील उपाशी मेला असता.

“मी वकील नाही, अंकल.”

“मग कोण आहेस?”

“मी पण उद्या परीक्षा देणार. मला शिकायचंय ना. दुसऱ्याला सांगितलं की मला समजतं.”

आता ताळ्याकडे येतो.

ती लहान असताना तिची आई पाळीवर गेली की ही माझ्या स्वयंपाकघरात गणिते करायला बसे, अर्थात उभ्याने. मी जुन्या शिस्तीचा. गुणाकार केला की त्याचा ताळा पाहिल्याखेरीज मी बरोबरची खूण करीत नसे. ज्या वाचकांची मुले कॅल्क्युलेटरवर वाढली त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येक आकड्यातले अंक मिळवत जाऊन एक अंक उरवायचा, त्या अंकांचा गुणाकार करून पुन्हा एक अंक उरवायचा, उत्तराचाही तसाच उरवायचा, आणि दोन्हीकडे मेळ बसतो का ते पाहायचे. यालाच ताळा म्हणतात. मेळ बसला तर पुढे जा, नाही तर परत फीर. कचेरीतही मी हेच केले आणि तिलाही हेच शिकवले. तिला पद्धत चटकन आली. ‘ळ’ मात्र आला नाही. जीभ मागे वळवून दाखवली, आरसा पुढे ठेवला, “केळे, माळ, शाळा” म्हणवून घेतले. तिच्या तोंडून केले, माल आणि शालाच निघे. ताळ्याचा ताला झाला तो झालाच.

मोठी झाल्यावर अंकांचा ताळा मागे पडला, पण शब्द राहिला. कुठलेही उत्तर मूळ प्रश्नात परत घालून पाहणे, याला ती ‘ताला’ म्हणू लागली. संकेतस्थळावरही तिने तो शब्द हिब्रू अक्षरांत तसाच लिहिला. छपरावरून वर फेकलेला दगड जमिनीवर किती वेळाने पडेल, या प्रश्नात ‘उणे एक’ला दोन उत्तरे आली, चार सेकंद आणि उणे दोन सेकंद. तिने दोन्ही लिहून टाकली. हिने विचारले, “ताला कर. उणे दोन सेकंदाला दगड कुठे होता?” तिकडून उत्तर आले, “खिशात.” आणि मग, “बरं, समजलं. चार.”

हळूहळू सगळेच तो शब्द वापरू लागले. ताला केला, ताला जमला, ताला बघ. एकाने विचारले की हा शब्द ग्रीक आहे का. हिने उत्तर दिले, “नाही, डिमोनाचा आहे.” मला हे कळले तेव्हा मी रागावलो. म्हटले, शब्दाचे मूळ सांगताना खोटे बोलू नये. ती म्हणाली, “मी तो कुठे ऐकला? डिमोनात.”

तिची बगरूत झाली. गणितात तिने सर्वांत वरचा स्तर घेतला होता. त्या निकालावर तिचे एकच स्वप्न टांगलेले होते. इथे मुलींनाही अठराव्या वर्षी सैन्यात जावे लागते. पण काही निवडक मुलांना आधी विद्यापीठ आणि मग सैन्य अशी सवलत मिळते. तिचे नाव त्या निवडीत जवळजवळ लागले होते. फक्त गणिताचा गुण यायचा होता, आणि यादी उन्हाळा संपायच्या आत बंद होणार होती.

गुणाऐवजी पत्र आले. उत्तरपत्रिका संशयास्पद ठरल्याने निकाल राखून ठेवला आहे. कार्यालयाचे नाव मी इथे घेत नाही. घेतले तर पार्श्वभूमी लिहावीशी वाटेल. कारण असे: चार निरनिराळ्या गावांतल्या उत्तरपत्रिकांत उत्तरांच्या शेवटी एकच अनाकलनीय शब्द आढळला, तो आगाऊ ठरवलेली खूण असण्याचा संभव आहे. हा शब्द म्हणजे आमचा ताला. गंमत पाहा, हिब्रूत तीच अक्षरे स्वरचिन्हांवाचून लिहिली की ‘ताले’ वाचतात, आणि ताले म्हणजे मेंढीचे कोकरू. तपासनिसाच्या डोळ्यांसमोर काय आले असेल याची कल्पना करा. अवकलन, समाकलन, आणि प्रत्येक उत्तराखाली उभे असलेले एक कोकरू.

मी हसलो नाही. मी टेबल साफ केले आणि कागद घेतला.

“म्हणणे ऐकून घेतल्यावाचून कोणालाही दोषी धरता येत नाही,” मी लिहिले, आणि त्याला साजेशी आठ पाने पुढे लिहिली. ती जिन्यावरून वर-खाली करीत होती. तिची पावले मला ऐकू येत होती. वर दार, खाली दार, पुन्हा वर. अखेर ती आत आली आणि गुडघासुद्धा न टेकता माझ्यासमोर उभी राहिली.

“मागणी काय?”

मी मागणी वाचून दाखवली. माझा युक्तिवाद पक्का होता. शब्द मुळात तिचा. संकेतस्थळावर तिनेच तो प्रथम वापरला, हे तारखांनिशी दाखवता येते. इतरांनी तो तिच्याकडून उचलला. तेव्हा तिचे प्रकरण इतर तिघांपासून वेगळे करावे आणि तिचा निकाल तात्काळ जाहीर करावा. इतरांचे काय ते सावकाश पाहावे.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे? यादी बंद होईल तुझी.”

“त्यांनी उचलला नाही. मी दिला. आता परत मागू?”

“मी तुझ्या बाजूने लिहितो आहे, पोरी. ती तिघे कोण तुझी? चेहरेसुद्धा पाहिलेले नाहीस.”

“ते कुठे अडकतात ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “चौघांचं एकत्र लिही. नाही तर मी लिहीन, आणि माझ्यात राग नसेल.”

आमचे त्या दिवशी चांगलेच वाजले. मी म्हणालो, कायद्याला भाबडेपणा कळत नाही. ती म्हणाली, मग कायद्याला ताला करायला सांग. मी फडताळाचे दार आपटले, तिने बाहेरचे. संध्याकाळी मी आठ पाने फाडली आणि चौघांच्या वतीने सहा ओळी लिहिल्या. मागणी पहिल्या ओळीत होती: आम्हांला समोर बोलवा.

बोलावले.

बीअर शेवा शहरातल्या त्या कचेरीच्या व्हरांड्यात त्या चौघांनी एकमेकांना प्रथम पाहिले. कोण कोणाशी बोलणार? उत्तरेकडच्या किबुत्झवरचा, म्हणजे सामुदायिक शेतवस्तीवरचा, एक लाजाळू मुलगा भिंतीला टेकून नखे खात होता. ओफाकिमची चष्मा लावलेली मुलगी आईच्या आडोशाला. लोदचा उंच मुलगा बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. ही बाकावर गुडघा टेकवून पाय हलवीत उभी. तो जवळ आला.

“तिसरा मजला?”

“रनवे?”

“मला वाटलं तू मुलगा आहेस,” तो म्हणाला. “आणि म्हातारा.”

“म्हातारा हा,” असे म्हणून तिने माझ्याकडे बोट केले.

आत तीन जण होते, आणि मधल्या बाई अध्यक्ष. शब्दाचा उगम म्हणून मला साक्षीला घेतले होते. मी उठलो. भाषण तयार होते. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व हिब्रूत सांगायला मी चार दिवस घोकले होते, पण त्या थंडगार खोलीत मला फक्त भाजीबाजाराचे हिब्रू आठवू लागले. मी मुंबई म्हणालो, मग सॉलिसिटर म्हणालो, मग अडलो. बाई सभ्यपणे वाट पाहत होत्या. मागून हळू मराठी आले:

“अंकल, मागणी.”

“फळा,” मी म्हणालो. “मला फळा पाहिजे.”

बाईंना मी कुठलाही गुणाकार सांगा म्हटले. त्यांनी सत्तेचाळीस गुणिले तेवीस सांगितला. एक हजार एक्याऐंशी. मग मी अंक मिळवत गेलो. सत्तेचाळीसचे अकरा, अकराचे दोन, तेवीसचे पाच, दोन पंचे दहा, दहाचा एक. उत्तराचे दहा, दहाचा एक. दोन्हीकडे एक. “ताळा,” मी म्हणालो, आणि तो ‘ळ’ मी असा काही उच्चारला की शेजारचा सदस्य दचकला.

“म्हणजे कोकरू नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही, बाईसाहेब. तपासणी.”

सदस्य म्हणाला, शब्द कळला, पण चौघांनी एकत्र कट केला नाही हे कशावरून? त्यावर ती उठली. म्हणाली, आम्हांला आत्ता नवा प्रश्न द्या, लांब-लांब बसवा आणि बघा. बाईंनी प्रश्न दिला. बारा सेंटिमीटरच्या चौरस पुठ्ठ्याचे कोपरे कापून, कडा दुमडून, जास्तीत जास्त मावेल असा उघडा डबा करायचा. कोपरे केवढे कापावेत? मुले लिहू लागली. ‘उणे एक’ने आधी चित्र काढले. किबुत्झच्या मुलाने चित्रच काढले नाही. हिने उभ्याने अर्ध्या कागदात संपवले. चौघांच्या चार वाटा, खाली सगळ्यांचा ताला.

‘रनवे’चे काहीतरी चुकले. त्याचे उत्तर सात आले. बाई त्याच्या मागेच उभ्या होत्या. त्याने सवयीने खाली ‘ताला’ लिहिले, आणि थांबला. बाराच्या पुठ्ठ्याचे दोन्ही बाजूंनी सात-सात कापायचे म्हणजे पुठ्ठाच उरत नाही. त्याचे कान लाल झाले. त्याला ते खोडता आले असते. त्याने लिहिले, “ताला जमला नाही,” खाली रेघ मारली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला दोन आले, आणि तेच बरोबर होते.

बाईंनी तो कागद उचलून दोन्ही सदस्यांपुढे ठेवला. माझी आठ पाने जे करू शकली नसती ते त्या एका ओळीने केले होते. नक्कल करणारा मनुष्य आपले चुकले असे परीक्षकाच्या नाकासमोर लिहीत नाही.

निकाल चौघांच्या बाजूने लागला. पण तो लेखी यायला वेळ लागला, कारण सही करणारा अधिकारी रजेवर होता. तिघांना त्या उशिराने काही झाले नाही. हिची यादी बंद झाली, आणि तिच्या जागी प्रतीक्षेतला पुढचा मुलगा घेतला गेला.

तो दिवस मी विसरलो नाही. मी कोणाकोणावर खटला भरायचा ते बोटांवर मोजत खोलीत फेऱ्या घालीत होतो, आणि आश्चर्य म्हणजे ती बसली होती. माझ्या खुर्चीवर, दोन्ही पाय जमिनीवर, आणि एकही हलत नव्हता. मला ते पाहवेना.

“यादी पुन्हा उघडायला लावू,” मी म्हणालो. “हक्क आहे तुझा.”

“मग आत गेला त्याला बाहेर काढतील?”

त्या मुलाचे म्हणणे तर कोणी ऐकलेच नसते.

“ताला जमत नाही, अंकल,” ती म्हणाली. मग उठली, आणि जिन्यावर पुन्हा तिची पावले वाजू लागली.

ती सैन्यात गेली. सुट्टीवर आली की बसथांब्यावर दिसे, आम्ही मिळवलेल्या त्या छपराखाली, गणवेशात, बाकावर एक गुडघा टेकवून. पुढे हैफात शिकली. तिचे आईवडील धाकट्या लेकीकडे लोदला राहायला गेले, आणि तिसऱ्या मजल्यावर नवे कुटुंब आले. सज्जन माणसे आहेत. जिन्यावरून एकेक पायरी सावकाश उतरतात. मला त्याचा राग येतो, आणि त्याविरुद्ध कुठलेही कलम नाही.

मग तिच्या कंपनीने तिला पुण्याला पाठवले. तिथून एका सणाला तिचा फोन आला.

“अंकल, तुम्ही कसे आहात?”

“कोणी शिकवलं तुला हे ‘तुम्ही’?” मी विचारले.

“इथे सगळे म्हणतात. मी सगळ्यांना तू म्हणत होते, लोक रागवायचे.” ती हसली. “आणि ऐका. ता-ळा. आला ना?”

आला होता. स्वच्छ, गोल, मुंबईच्या माझ्या मास्तरांना आवडला असता असा. मी शाबासकी दिली. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला पत्र लिहायला सुचले नाही.

परवा दवाखान्याच्या औषधखिडकीवर गेलो होतो. रांग मोठी, पंखा बंद, आणि मनातल्या मनात मसुदा तयार होत होता. खिडकीतल्या तरुण मुलीने माझी औषधे मांडली, मग डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा उचलली आणि स्वतःशीच म्हणाली, “रेगा. ताला.” आणि एकेक खोका चिठ्ठीशी ताडून पाहू लागली.

हा शब्द कुठून आला, असे मी तिला विचारले. तिने खांदे उडवले. गणितात सगळे म्हणायचे, म्हणाली. कोणाचा ते माहीत नाही. मागचा मनुष्य कुरकुरू लागला होता. मी उच्चार सांगणारच होतो. जीभ मागे वळवून तयारही केली होती.

“जमला का?” मी विचारले.

“जमला,” ती म्हणाली, आणि पिशवी माझ्या हातात दिली.